सोंगामागचा माणूस

(कन्नड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांची हयात या तालुक्यातल्या मुलांना शिकवण्यात गेली. त्यांच्या नावाने बोलायला उभं राहायचं तर मुलांच्या जगण्याविषयी बोलावं, असं मी ठरवलं. आजच्या मुलांच्या जगण्यातला एक मोठा भाग आपल्याला दिसत नाही. मुलगा ओट्यावर बसलेला असतो, हातात मोबाईल असतो, आणि आपण म्हणतो, ‘दिवसभर नुसता खेळत बसतो.’ पण त्या वेळी तो पिशोरच्या एका मित्राबरोबर, घाटाखालच्या चाळीसगावच्या दुसऱ्याबरोबर आणि कधीही न पाहिलेल्या इंफाळच्या तिसऱ्याबरोबर एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे खेळातल्या चौघांच्या टोळीत, असतो. तिथे त्याचं नाव वेगळं, अंगावरचे कपडे वेगळे, चालणं वेगळं. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा तिथे पुढारी असतो. एखादी मुलगी मुलाचं नाव घेऊन, माईक बंद ठेवून खेळते, कारण आवाज ऐकू आला की काय काय ऐकून घ्यावं लागतं हे तिला ठाऊक असतं. या रूपाला मुलं ‘माझी आयडी’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्यालाच ‘अवतार’ म्हणतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पडद्यावरचं रूप हे सोंग आहे, पण सोंगामागचा माणूस खरा आहे, आणि त्याने तिथे घालवलेलं आयुष्यही खरं आहे. ते खरं मानलं की आपल्यावर काही जबाबदाऱ्या येतात. खोटं ठरवून टाकलं तर त्या टाळता येतात. आपण आजवर त्या टाळल्या आहेत.

ही जगं कशी उभी राहिली, ते आधी थोडक्यात पाहू. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळं शब्दांत. ‘तू एका रस्त्यावर उभा आहेस’ असं पडद्यावर उमटायचं आणि खेळणारा पुढचं पाऊल टाइप करायचा. पण एकाच वेळी अनेक जण त्या रस्त्यावर असू शकत, एकमेकांशी बोलू शकत, आणि खेळ बंद करून गेल्यावरही ते जग चालू राही. आजच्या सगळ्या आभासी जगांचं मूळ या तीन गोष्टींत आहे.

मग १९८६ च्या सुमारास अमेरिकेत लुकासफिल्म गेम्सच्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ‘हॅबिटॅट’ उभं केलं. त्यात चित्रातली माणसं होती, घरं होती, टोकन नावाचं चलन होतं. लोक आत आले आणि लवकरच चोऱ्या सुरू झाल्या, खून सुरू झाले. तेव्हा खेळणाऱ्यांपैकी एकाने, जो प्रत्यक्षातही धर्मगुरू होता, तिथे प्रार्थनास्थळ काढलं. त्याच्या अनुयायांनी शस्त्र बाळगायचं नाही आणि चोरी करायची नाही, असा नेम होता. पुढे त्या जगात शेरीफही निवडून दिला गेला. या दोघा निर्मात्यांनी नंतर मोकळेपणाने लिहिलं की आम्ही आखलेलं सगळं बाजूला राहिलं आणि लोकांनी आपापलं गाव वसवलं. माणसं जिथे जमतात तिथे भांडण, धर्म, व्यापार आणि पंचायत येतेच, ती जागा पडद्याच्या आत असली तरी.

२००३ साली लिंडन लॅब या कंपनीने ‘सेकंड लाइफ’ सुरू केलं. त्यात जिंकायचं काहीच नव्हतं. जमीन घ्यायची, घर बांधायचं, दुकान टाकायचं, लग्न करायचं. तिथल्या लिंडन डॉलरचे खरे डॉलर करून मिळत. २००७ साली स्वीडन देशाने तिथे आपलं दूतावासाचं दालन उघडलं. टॉम बोल्स्टॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने, एखाद्या बेटावर जाऊन राहावं तसं त्या जगात राहून तिथल्या लोकांचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे हे जग आलं ते दुसऱ्या वाटेने. २००९ नंतर शहरातली नोकरदार माणसं फेसबुकवर ‘फार्मव्हिल’मध्ये शेती करू लागली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि दोन वर्षांत पबजी मोबाईल खेडोपाडी पोचला. संगणक न पाहिलेल्या घरातलं मूल थेट आभासी जगात जाऊन उभं राहिलं. मध्ये शिकवायला कुणी नव्हतं.

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्याचं रूप घेऊन जगायची भूक या मातीला नवी नाही, आणि त्याचं सगळ्यात थोर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, पैठणला आहे. एकनाथ महाराजांनी शेकड्यांनी भारुडं लिहिली. त्यांतला ‘मी’ कोण आहे ते पाहा. कधी तो जोशी, कधी गारुडी, कधी वासुदेव, कधी आंधळा, बहिरा, मुका. कधी सासरी गांजलेली सून. कधी महार. सोळाव्या शतकातला पैठणचा एक विद्वान ब्राह्मण ज्यांची सावली टाळली जायची त्यांच्या तोंडून बोलतो, त्यांच्या जागी उभा राहून स्वतःच्याच जातीच्या सोवळ्याला जाब विचारतो. नुसता उपदेश करून हे साधलं नसतं. रूप घ्यावं लागलं. सोंगी भारुडात तर गावातला एखादा शेतकरी लुगडं नेसून उभा राहतो आणि दोन घटका बाईचं दुखणं बोलतो. शेजारच्या सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरे यांचं ‘बुरगुंडा’ हे भारूड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. २०२१ साली कोरोनाने ते गेले. अंगावर प्रचंड पोशाख चढवून ते उभे राहिले की समोरच्यांना हसवत हसवत व्यसनावर आणि अंधश्रद्धेवर बोलत. त्या पोशाखामुळेच लोक ते ऐकून घेत.

जव्हार-मोखाड्याकडचा आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यातला बोहाडाही असाच. रात्रभर मशालींच्या उजेडात देवादैत्यांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. अनेक गावांत कुणी कोणतं सोंग नाचवायचं हा मान घराण्यात चालत आलेला असतो. मुखवटा चढला की तो माणूस देव होतो, लोक त्याच्या पाया पडतात. पहाटे मुखवटा उतरतो आणि तोच माणूस शेताकडे निघतो.

या सगळ्या परंपरेत तीन गोष्टी पक्क्या होत्या. सोंगाआड कोण आहे हे गावाला माहीत होतं. सोंगात असताना काय चालेल आणि काय नाही याचे नियम सगळ्यांना ठाऊक होते. आणि सोंग उतरवण्याची वेळ ठरलेली होती. ज्याला ते उतरवू दिलं नाही, त्याचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. अभिनेते गणपत पाटील यांनी तमाशापटांत नाच्या इतका जिवंत केला की लोकांनी ती भूमिका त्यांच्या घरापर्यंत नेली, आणि त्याचा त्रास त्यांच्या कुटुंबाला आयुष्यभर सोसावा लागला. दोष त्यांच्या कलेचा नव्हता. पाहणाऱ्यांनी आपलं काम केलं नाही.

आभासी जगात या तिन्ही गोष्टी सैल झाल्या आहेत. मुलाच्या सोंगाआड कोण आहे हे घरच्यांना माहीत नाही, कारण त्यांनी विचारलेलं नाही. नियम कंपनी ठरवते. आणि उतरवायची वेळ कुणीच ठरवत नाही.

घरच्यांत आणि मुलाच्या या जगात पडलेली दरी किती खोल असू शकते हे सांगायला मी तुम्हाला नॉर्वेला नेतो. ओस्लोमध्ये मॅट्स स्टेन नावाचा मुलगा होता, जन्म १९८९ चा. त्याला ड्युशेन नावाचा स्नायूंचा आजार होता. या आजारात अंगातली ताकद वर्षागणिक जात राहते. शाळेच्या वयातच तो चाकाच्या खुर्चीत आला, पुढे बोटांची थोडी हालचाल तेवढी उरली. तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळायचा. शेवटच्या दहाएक वर्षांत पंधरा ते वीस हजार तास तो त्या जगात होता. आईवडिलांना वाटायचं, आपल्या पोराला मैत्री मिळाली नाही, प्रेम मिळालं नाही, कुणाच्या उपयोगी पडल्याचं समाधानही मिळालं नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वर्षी मॅट्स गेला.

तो ब्लॉग लिहायचा. वडिलांनी त्यावर त्याच्या निधनाची बातमी टाकली. आणि पत्रं यायला लागली. एका देशातून, दुसऱ्या देशातून, लांबलचक पत्रं. सगळी लिहीत होती आयबेलिनबद्दल. आयबेलिन रेडमूर हे मॅट्सचं तिथलं नाव. धिप्पाड, देखणा, गुप्तहेरीचं काम करणारा. तो तिथे रोज धावायला जायचा. त्याच्या टोळीचं नाव स्टारलाइट. त्या टोळीतल्या एका डच मुलीचा संगणक आईवडिलांनी काढून घेतला तेव्हा मॅट्सने त्या आईवडिलांना समजुतीचं पत्र लिहिलं होतं. एका आईला आपल्या स्वमग्न मुलाशी बोलायची वाट सापडत नव्हती, ती त्याच्या सल्ल्याने सापडली. अंत्यविधीला स्टारलाइटची माणसं वेगवेगळ्या देशांतून ओस्लोला आली. ज्याला भाडं परवडत नव्हतं त्याच्यासाठी बाकीच्यांनी वर्गणी काढली. २०२४ साली त्याच्यावर माहितीपट आला आणि जगभर पाहिला गेला.

ही गोष्ट ऐकून आपण फक्त हळहळू नये. तिच्यात एक कठोर प्रश्न आहे. ते प्रेमळ आईवडील होते, मुलासाठी जिवाचं रान करणारे होते. त्यांनी तास मोजले. त्या तासांत मुलगा कोण असतो, हे मात्र त्यांना त्याच्या जाण्यानंतर कळलं. आज कन्नडमधलं कोणतं घर छातीवर हात ठेवून म्हणेल की आम्हाला माहीत आहे?

आता याची काळी बाजू. ती लपवली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. सोंगामागचा माणूस खरा, म्हणून त्याला होणारी इजाही खरी. १९९३ साली ‘लॅम्बडामू’ नावाच्या, फक्त शब्दांच्या जगात एका खेळणाऱ्याने इतरांच्या पात्रांचा ताबा घेऊन त्यांच्यावर सगळ्यांसमोर लैंगिक अत्याचार घडल्याचं वर्णन लिहिलं. कुणाच्या अंगाला हात लागला नव्हता. तरीही त्यातली एक बाई त्याबद्दल लिहिताना रडत होती, असं ज्युलियन डिबेल या पत्रकाराने नोंदवून ठेवलं आहे. त्या जगातले लोक जमले, बराच वेळ वाद घातले, त्या माणसाला काढलं गेलं, आणि पुढे तिथे अर्ज करायची, मतदानाची रीत आली. जवळजवळ तीस वर्षांनी, २०२१ च्या अखेरीस, मेटा कंपनीच्या आभासी जगात एका स्त्रीने तशीच तक्रार केली. २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीने अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखणारी मर्यादा घातली. म्हणजे मधल्या तीन दशकांत चित्रं सुंदर झाली, बाईची सुरक्षितता मात्र तक्रारीनंतरच आठवली. माईक बंद ठेवून खेळणारी आपली मुलगी हा इतिहास न वाचता ओळखून आहे.

दुसरी गोष्ट, सोंग माणसाला बदलतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना उंच अवतार दिला ते पैशांच्या वाटपाच्या बोलणीत जास्त ठामपणे वागले. ज्यांना देखणा अवतार दिला ते समोरच्याच्या अधिक जवळ गेले, स्वतःबद्दल अधिक बोलले. भारूड करणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. सुनेचं लुगडं नेसलेला माणूस घरी जाऊन आपल्या सुनेशी थोडा वेगळा बोलत असेल तर ते त्या लुगड्याचं यश आहे. पण दिवसरात्र फक्त बंदूकधारी रूपच घेतलं तर तेही काहीतरी शिकवणारच. म्हणून मूल कोणतं रूप निवडतं हे किती वेळ खेळतं याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि व्यसन? तेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाचा विकार नोंदवला आहे. त्याचे निकष नीट ऐका. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर ठरणं, नुकसान दिसत असूनही तो वाढत जाणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं. त्यात तासांचा आकडा नाही. झोप, जेवण, शाळा, माणसं तुटत चालली असतील तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. तसं नसेल तर त्याला आजारी ठरवू नका.

तिसरा मुद्दा मालकीचा, आणि त्यावर आपण कमी बोलतो. तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी तुम्ही पाहिली आहेत. तिथे सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्या मूर्तीच्या हातावर कोरलं आहे की ही कण्हदास सोनाराने घडवली. दोन हजारांवर वर्षं झाली, राज्यं गेली, भाषा बदलली, पण त्या कारागिराचं नाव पुसलं गेलं नाही. आता आपल्या मुलाने तीन वर्षं राबून घडवलेली आयडी घ्या. तिचा चेहरा, कपडे, पदकं, यूसी हे खेळातलं चलन विकत घेऊन मिळवलेल्या स्किन, त्यासाठी दिलेले वडिलांचे पैसे. त्यावर नाव कुणाचं? कराराप्रमाणे कंपनीचं. मुलाकडे फक्त वापरायची परवानगी आहे, आणि ती केव्हाही काढून घेता येते.

हे घडलेलं आहे. मार्क ब्रॅग या अमेरिकी वकिलाची सेकंड लाइफमधली जमीन कंपनीने त्याचं खातं गोठवून काढून घेतली, तेव्हा तो कोर्टात गेला. २००७ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या करारातलं लवादाचं कलम अन्यायकारक ठरवलं, मग दोघांत तडजोड झाली. आपल्या देशात २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होतं. राष्ट्रीय सुरक्षेचा तो निर्णय होता, त्यावर मी वाद घालत नाही. पण टाळेबंदीत घरात अडकलेल्या लाखो मुलांची मित्रमंडळी त्या दिवसांत तुटली, आणि आपण मोठी माणसं म्हणालो, ‘बरं झालं.’ कुणी त्यांना विचारलं नाही की तुझे कोण कोण तिथे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फार्मव्हिल बंद झालं. ज्या तंत्रावर ते चालायचं ते संपलं, म्हणून सगळ्यांची शेतं एका रात्रीत गेली. खऱ्या शेताचा सातबारा असतो. या शेतांचा कुठेच नव्हता.

मग करायचं काय? सगळ्यांत आधी घराचं काम. मुलाला किती वेळ खेळलास हे विचारण्याआधी विचारा, तिथे तुझं नाव काय, तू कसा दिसतोस, तुझ्याबरोबर कोण असतं, त्यातला कोण तुला आवडतो आणि कुणाची भीती वाटते. एकदा शेजारी बसून पाहा. बोहाड्यात बाप मुलाचा मुखवटा बांधून देतो, तेव्हा त्याला माहीत असतं की आत माझा मुलगा आहे. तेवढी ओळख आपल्याला मिळवायची आहे. आणि रात्री मोबाईल ठेवायची वेळ ठरवा, पण स्क्वॉडमध्ये खेळणाऱ्याला मधेच उठवलं तर बाकीच्या तिघांचं नुकसान होतं हे लक्षात घेऊन ठरवा. जे मूल सोबत्यांना टाकून उठायला तयार नसतं, त्याच्यात निष्ठा आहे. तिची कदर करूनही वेळ पाळायला शिकवता येतं.

मग शाळेचं. गॅदरिंगमध्ये मुलं नाटक करतात, भारूड करतात. त्याच मंचावर एकदा मुलांना त्यांच्या तिथल्या पात्राची गोष्ट सांगू द्या. मुलींना विचारा की माईक का बंद ठेवता. उत्तर मिळेल ते वर्गातल्या मुलांसमोर मिळू द्या. ते ऐकून जे मुलगे बदलतील, ते पडद्याच्या आतही बदलतील.

शेवटी कायद्याचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे, मुलांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना वेगळी ओळख दिली. दोन्ही पावलं योग्य दिशेची आहेत. पण खेळणाऱ्याने घडवलेल्या पात्रावर त्याचा काही हक्क असावा, जग बंद करताना कंपनीने पुरेशी आधी सूचना द्यावी, तिथली चित्रं, संभाषणं आणि मैत्रीचे पत्ते त्याला सोबत नेता यावेत, बाईवर हल्ला झाला तर तक्रार मराठीत करता यावी आणि तिची दखल ठरलेल्या मुदतीत घ्यावी, या मागण्या आपल्याकडे अजून फारशा जोराने झालेल्या नाहीत. त्या आपण करायला हव्यात. आपली मुलं तिथली नागरिक आहेत, आणि नागरिकाला हक्क लागतात.

एकनाथांनी दुसऱ्याचं रूप घेतलं ते दुसऱ्याचं दुःख कळावं म्हणून. त्या परंपरेची मुलं आपली आहेत. त्यांच्या हाती पहिल्यांदाच असं साधन आलं आहे की कन्नडच्या मुलाला एका संध्याकाळी म्हातारा होता येईल, मुलगी होता येईल, वेगळ्या देशाचा होता येईल, पाय नसलेल्याला धावता येईल. या साधनाचा उपयोग ते चांगला करतील की वाईट, हे मोठ्या प्रमाणात आपण त्यांच्या त्या आयुष्याला किती मान देतो यावर ठरेल. ज्या आयुष्याला घरात मान नाही ते लपून जगलं जातं, आणि लपून जगलेल्या आयुष्याला वाईट सोबत लवकर मिळते. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की आज घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला तिथलं नाव विचारा, आणि ते सांगत असताना हसू नका.